गठ्ठ्यातली जागा

दि. ३ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. आपल्या घरात 'विनंती विशेष' असं लिहून पुढे विशेष काहीच न लिहायची रीत आहे. या वेळी विशेष आहे, म्हणून आधी किरकोळ लिहून मोकळा होतो.

इकडे सगळं ठीक. हिचा गुडघा कुरकुरतो, पण हिच्यापेक्षा कमी. हे पत्र पाकिटात जाण्याआधी ती वाचणार आहे, तेव्हा वरचं वाक्य गंमत म्हणून घ्यावं. मार्चचा पगार निम्माच हातात आला. उरलेला 'परिस्थिती सुधारल्यावर' मिळेल असं पत्रक नोटीस बोर्डावर लागलंय. ते आमच्या टायपिस्ट बाईंनीच टाइप केलं. त्या म्हणाल्या, मला आधी माहीत असतं तर पत्रकही निम्मंच टाइप केलं असतं.

कागद उलटून बघितलास तर 'स्कूटर खरेदीसाठी कर्ज मिळणेबाबत अर्ज' असं छापलेलं दिसेल. ती योजना बंद झाली, फॉर्म रद्दीत निघाले. मी दोन गठ्ठे रद्दीच्या भावाने विकत घेतले. पावती आहे. तू हसशील हे माहीत आहे, पण उद्या कुणी म्हणायला नको की सरकारी कागदावर घरची पत्रं लिहितो.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तू नुसता हो ला हो करतोस. काय झालंय ते कागदावर लिही, म्हणजे मला पुन्हा वाचता येईल." तर लिहितो.

तिजोरीत खडखडाट आहे हे तुला नव्याने सांगायला नको. तुमच्या हॉस्पिटलात शेवटच्या वर्षी बँडेजसुद्धा मोजून देत होते असं तूच सांगितलं होतंस. तर वीस मार्चला परिपत्रक आलं. निवृत्तिवेतनाची जी प्रकरणं एकतीस मार्चपर्यंत मंजूर होतील त्यांना जुने नियम, पुढच्यांना नवे. माणूस निवृत्त कधी झाला याला किंमत नाही, कागदावर सही कधी झाली याला आहे. नव्या नियमात पेन्शन शेवटच्या पगारावर धरत नाहीत, दहा वर्षांच्या सरासरीवर धरतात, म्हणजे ती बरीच खाली येते. आणि ग्रॅच्युइटी रोख मिळत नाही. तिचे सरकारी रोखे मिळतात, ते पाच वर्षांनी मोडायचे.

आमच्या शाखेत मी, दोन कारकून, टायपिस्ट बाई आणि वर साहेब. आरोग्य, रस्ते, शाळा, सगळ्यांची प्रकरणं माझ्या टेबलावरून साहेबांच्या सहीला जातात. परिपत्रक आलं तेव्हा टेबलावर एकशे त्रेचाळीस होती. अकरा दिवस आम्ही मान वर केली नाही. दोन्ही रविवारी ऑफिस उघडं होतं. एकशे बारा झाली. एकतीस राहिली.

तुझं प्रकरण त्या एकतिसांत राहिलं, ताई.

त्या पैशांवर तू काय ठरवलं होतंस ते मला ठाऊक आहे. शिंप्याच्या दुकानावरची खोली आणि स्वयंपाकघर. इसार देऊन झालाय. खिडकीचं माप घेऊन पडद्याचं कापडही आणलंस. विसाव्या वर्षी नर्सिंगच्या होस्टेलात गेलीस, मग एक क्वार्टर, मग दुसरं क्वार्टर; चाळीस वर्षांत दाराची किल्ली कधी तुझी स्वतःची नव्हती. क्वार्टर सोडायची मुदत महिनाअखेर संपते, हेही लक्षात आहे.

तू आमच्याकडे ये. ही म्हणते की मागची खोली रिकामी करून देते, तिथे फक्त जुनी कपाटं आणि माझे पेपर आहेत. तू नाही म्हणशील. तरी विचार कर.

हा फटका सगळ्यांनाच बसलाय. तू एकटी नाहीस.

तुझा,
धाकटा


दि. १२ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण नर्सच्या अक्षरात, म्हणजे औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारख्या स्वच्छ. तब्येत बरी आहे, शिंपी पंधरा मेपर्यंत थांबायला तयार आहे, कापड परत घेत नाहीत, आणि शेवटी, "माझा नंबर कितवा होता?"

आधी शिंप्याचं. पंधरा मे म्हणजे माणूस भला आहे. त्याला मुलीकडे जायची घाई असताना तो थांबतोय. त्याला माझा नमस्कार सांग. बँकेचं कर्ज मिळेल का हे मी इथे दोन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी वय विचारलं आणि फाइलच मिटली. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, रोख्यांवर कर्ज देत नाही, सरकारने त्यांचे पैसे परत दिले तर बघू. सरकारी बँकेचा माणूस हे सरकारबद्दल बोलत होता. मी त्याला काही म्हणालो नाही, कारण त्याचाही पगार निम्माच झालाय.

ट्रेझरीतही जाऊन आलो. तिथला अधिकारी माझ्या ओळखीचा, एकाच वर्षी नोकरीला लागलो. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "तुझ्या शाखेतली एकतीस राहिली, माझ्याकडे अशी नऊशे पडलीत. कुणाकुणाला विशेष बाब करू?" त्याच्या टेबलावर खरंच गठ्ठे होते, त्याच्या डोक्याच्या वर गेलेले. मी उठून आलो.

आता नंबराचं. प्रकरण आलं की आवक रजिस्टरला नोंद होते. तिथे क्रमांक पडतो. मग सेवापुस्तक तपासायचं, रजा बघायच्या, पगाराची पडताळणी करायची, येणे-बाकी नसल्याचा दाखला लावायचा. कधी कधी एखादा दाखला नसतो, मग प्रकरण मागे पडतं आणि पुढचं वर येतं. त्यामुळे आवक क्रमांक आणि प्रत्यक्ष क्रम यांत फरक पडू शकतो. हे सगळं लांबलचक आहे. रजिस्टर सध्या साहेबांच्या कपाटात आहे, तपासणीसाठी मागवलंय. बघून कळवतो.

ऑफिसात वातावरण विचित्र आहे. ज्यांची झाली ते मिठाईचे पुडे घेऊन येतात आणि ज्यांची राहिली ते त्याच बाकावर बसलेले असतात. पुडा कुणाच्या हातात द्यायचा हे त्यांनाही कळत नाही. रस्ते खात्यातला एक ड्रायव्हर आला होता. त्याचं अगदी शेवटच्या दिवशी, पाच वाजून गेल्यावर झालं. तो माझे पाय धरायला वाकला. मी मागे सरकलो तर कपाटावर आपटलो. टायपिस्ट बाई म्हणाल्या, "देव माणूस आपटला." सगळे हसले. मलाही हसू आलं.

तुला कधी सांगितलं नाही, पण इथे मला 'फूटपट्टी' म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, आता कौतुकाने म्हणतात. नवीन आलेल्या कारकुनाला साहेब सांगतात, काम शिकायचं तर फूटपट्टीच्या शेजारी बस. चौदा महिन्यांनी मीही निवृत्त होईन, तेव्हा निरोपाच्या भाषणात हेच कुणीतरी बोलणार हे मला आत्ताच ऐकू येतं.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी तू रात्रपाळीच्या जादा ड्यूट्या घेतल्या होत्यास. ते पैसे पाकिटात घालून बसच्या कंडक्टरबरोबर पाठवायचीस आणि मी स्टँडवर उभा राहायचो. आज सकाळी का कोण जाणे, तो स्टँड आठवला. त्या वेळी तू मला कधी विचारलं नाहीस की नापास झालास तर काय.

ही मागची खोली आवरायला लागली आहे. तुझ्या होकाराची वाट न बघता.

रजिस्टर हाती आलं की लिहितो. तोवर जीव टांगणीला लावून बसू नकोस.

तुझा,
धाकटा


दि. २० एप्रिल

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. "रजिस्टर सापडलं का?"

कार्ड हिने आधी वाचलं. कार्ड काय, कुणीही वाचू शकतं, आणि तू ते मुद्दाम पाठवलंस असं हिचं म्हणणं. जेवताना हिने ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही लिहिता की मी लिहू?" हिला एकतीस तारखेपासून माहीत आहे. तेव्हापासून ही माझ्याशी कामापुरतं बोलते. पहिल्या पत्रात जी गंमत केली ती घरात चालू नाही.

रजिस्टर कधी हरवलं नव्हतं. ते माझ्याच टेबलावर असतं, डाव्या हाताला. तुझा नंबर एकोणिसावा होता.

एकशे त्रेचाळिसांत एकोणिसावा. कागद पूर्ण होते. येणे-बाकी नसल्याचा दाखला होता, पडताळणी झालेली होती. तुझ्या मेट्रनबाईंनी सेवापुस्तक इतकं नीट पाठवलं होतं की मला एक खूणसुद्धा करावी लागली नाही. आणि मी ते उचलून गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलं.

का ते तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. बाबांच्या खिडकीसमोर आपण रांगेत उभे राहायचो ते आठवतं? परवान्यांची खिडकी. आपल्याला बघून बाबा डोळ्यांनी खुणावायचे, शेवटी जा. मागून आलेली माणसंही आपल्या पुढे. आपला नंबर आला की कधी कधी खिडकी बंद व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. बाबा घरी येऊन सांगायचे, घरच्यांना शेवटी ठेवलं की कुणाची बोट दाखवायची हिंमत होत नाही. तू रागाने पाय आपटायचीस. मला मात्र ते फार मोठं वाटायचं. मी नोकरीला लागलो तेव्हापासून तेच करत आलोय. हिच्या भावाचं प्रकरण आलं होतं, ते तळाशी. माझ्या मित्राच्या बायकोचं, ते तळाशी. तेव्हा काय बिघडायचं? पंधरा दिवस उशीर. लोक कौतुक करायचे.

फेब्रुवारीत तुझं ठेवलं तेव्हाही पंधरा दिवसांचाच हिशेब होता. मग परिपत्रक आलं. त्या दिवशी दुपारी मी गठ्ठ्याकडे बघत होतो. मला फक्त ते तळातून काढून त्याच्या जागी ठेवायचं होतं. वर आणायचं नव्हतं, ताई, त्याच्या जागी ठेवायचं होतं. पण शाखेत सगळे बसले होते, बाहेर बाकावर लोक होते, आणि मला वाटलं, आता हात लावला तर म्हणतील फूटपट्टीने बहिणीची फाइल काढली. परिपत्रकाच्या आधी कुणी बघितलंही नसतं. नंतर सगळे बघत होते. मी अकरा दिवस तसंच राहू दिलं. रोज सकाळी गठ्ठा मोजायचो. वेग वाढवला तर तळाला पोहोचू, अशी मनाची समजूत घालायचो. एकोणिसावं प्रकरण तेवीस तारखेला झालं असतं.

आता जे सांगायचं ते हिलाही सांगितलेलं नाही. एकतीस तारखेला पाच वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "अजून एक होईल. तुमच्या ताईंचं आणा, मी सही करतो." त्यांना माहीत होतं. त्यांनी तळातली फाइल कधीच बघितली होती. दोन्ही कारकून तिथेच उभे होते. मी म्हणालो, "नको साहेब, क्रमाने होऊ दे," आणि वरची फाइल उचलली. ती त्या ड्रायव्हरची. क्रमाने, असं म्हणालो मी. तुझा क्रम तर आठ दिवसांपूर्वी होऊन गेला होता.

साहेब सही करून म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस बघितला नाही." आणि मला बरं वाटलं. हे लिहायला मला वीस दिवस लागले. तुझं घर माझ्या हातात होतं आणि मला स्वतःचं कौतुक ऐकून बरं वाटलं. जिना उतरेपर्यंत टिकलं ते. खाली आल्यावर तुझ्या पडद्याचं कापड आठवलं.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते फार सोपं आहे.

परिपत्रकाचं नववं कलम आहे. अर्जदाराचा काही दोष नसताना ऑफिसच्या चुकीमुळे प्रकरण राहिलं असेल, तर जुने नियम लावायचा विचार करता येतो. मी साहेबांना लेखी कबुली दिली. त्यांनी ती वाचली, नीट घडी घातली आणि माझ्याच खिशात परत ठेवली. म्हणाले, "तुमच्या कबुलीवर काही होत नाही. ज्याचं नुकसान झालं त्याची तक्रार लागते. तक्रार आली की जबाबदारी निश्चित करावी लागते. मग तुमची चौकशी लागेल आणि त्यात दोष ठरला की तुमचं पेन्शन कापलं जाईल. आणि एवढं करूनही वरचे लोक मंजूर करतील असं नाही. गप्प बसा." ते वाईट माणूस नाहीत. मला वाचवत होते.

सोबत दोन कागद आहेत. एक नव्या नियमांना संमती देण्याचा फॉर्म. त्यावर सही केलीस की रोखे निघतील, पण तक्रारीचा हक्क जातो. दुसरा तक्रारीचा अर्ज. तो मीच लिहिला आहे, तुझ्या वतीने, माझ्याविरुद्ध. तारखा, आवक क्रमांक, सगळं घातलंय. 'संबंधित कर्मचाऱ्याने हेतुपुरस्सर माझे प्रकरण क्रम डावलून मागे ठेवले' असं वाक्य आहे. तुला फक्त खाली सही करायची आहे. पंधरा मेच्या आत यायला हवा.

पाकीट चिकटवायच्या आधी हे लिहायलाच हवं. तू सही करणार नाहीस हे मला माहीत आहे. जी बाई माझ्या फीसाठी जागली ती मला पेन्शनवर पाणी सोडायला लावणार नाही. आणि तू करणार नाहीस हे माहीत असल्यामुळेच मी इतका निर्धास्तपणे हा कागद पाठवतोय की काय, हे मला खरंच कळत नाही. मी दोन दिवस विचार करतोय, तरी कळत नाही. कदाचित आत्ताही मी तुला गठ्ठ्याच्या तळाशीच ठेवतोय.

तरी पाठवतो. दुसरं काही माझ्या हातात नाही.

धाकटा


दि. २९ एप्रिल

ताई,

तुझं पाकीट काल टपालात आलं. ऑफिसच्या पत्त्यावर, रजिस्टर्ड. सही मीच करून घेतलं.

तू सही केली आहेस.

लपवून काय करू, मला राग आला. तासभर मी तुझ्यावर चिडून बसलो होतो. मनात म्हणालो, सख्खी बहीण. मग तुझी चिठ्ठी वाचली. ही ती घरी घेऊन बसली होती, आज परत मागून आणली. त्यातलं एकच इथे लिहून ठेवतो, कारण मला ते पुन्हा लिहून बघायचंय. "खोली जाणार हे मला दिसतंय. तू म्हणतोस तसं वरचे लोक मंजूरही करणार नाहीत. पण माझा नंबर एकोणिसावा होता हे कुठल्या तरी सरकारी कागदावर लिहिलेलं राहू दे. लहानपणी बाबांच्या खिडकीला मला ते सांगता आलं नव्हतं."

आणि खाली, "तुझं कसं होईल याची काळजी वाटते. काळजी वाटूनही सही केली आहे, हे लक्षात ठेव."

लक्षात ठेवलं.

अर्जावर मी आवकचा शिक्का मारला. क्रमांक दोनशे सात. साहेबांनी वर बघितलं, पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बहिणीने?" मी हो म्हणालो. त्यांनी खिडकीकडे तोंड करून सांगितलं की चौकशीला निदान तीन महिने लागतील, सहाही लागतील, आणि तोवर माझं टेबल दुसऱ्याकडे जाईल. नव्या कारकुनाला मी आज दुपारपासून रजिस्टरं समजावून सांगतोय. तो माझ्याकडे बघत नाही, फक्त रजिस्टरांकडे बघतो.

टायपिस्ट बाईंनी विचारलं, "खरं आहे का हो?" खरं आहे म्हणालो. चहा आला तेव्हा त्यांनी माझा कप माझ्यापुढे सरकवला, रोजच्यासारखा.

तीन महिने म्हणजे शिंप्याची मुदत उलटून जाईल. मी त्याला पत्र लिहिणार होतो, पण काय लिहायचं ते सुचलं नाही. मुदत वाढव म्हणायला माझ्याकडे काही नाही. इसार तरी परत दे म्हणायला तोंड नाही. हे तुलाच बघावं लागेल, आणि तुझं सामान उद्या क्वार्टरमधून निघून मैत्रिणीच्या व्हरांड्यात जाईल असं चिठ्ठीत आहे. आमच्याकडे येणार नाहीस हे तू लिहिलं नाहीस, पण मागच्या खोलीबद्दल एक अक्षरही नाही, त्यावरून कळलं. ही ती खोली तरीही आवरून ठेवणार म्हणते.

अर्जाची पोच सोबत जोडली आहे. ती जपून ठेव, चौकशीत दाखवावी लागेल. मला जबाबाला बोलावतील तेव्हा मी तुझ्याच बाजूने बोलणार आहे. एवढंच करता येण्यासारखं आहे.

कमरेला पट्टा बांधल्याशिवाय जड सामान उचलू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
आणि अर्ज क्रमांक दोनशे सातमधला संबंधित कर्मचारी